अपसाइड डाउन

सोनोग्राफी आटोपून सासू-सून खोलीबाहेर माझ्या शेजारी येऊन बसल्या. सुनेला नववा महिना लागलेला होता. डॉक्टरीणबाई आत इंग्रजीतच बोलल्या होत्या आणि सासूबाईंच्या कानावर त्यातले थोडेच शब्द पडले होते.

"अगं, त्या 'अपसाइड डाउन' म्हणाल्या ना? म्हणजे उलटंच ना?"

"हो आई. बाळाचं डोकं खाली, पाय वर."

"अरे देवा! मग आता पोट फाडणार?"

"नाही हो. या महिन्यात बाळ असंच असायला हवं. मागच्या तपासणीत डोकं वर होतं, तेच वाईट होतं."

"मग त्या 'अदर वे राउंड' म्हणाल्या, ते काय?"

"म्हणजे आधी होतं त्याच्या उलट. बाळ आपलं आपण फिरलं."

"उलट्याचं उलट म्हणजे सुलट, असंच ना?"

"असंच."

"सुटले बाई! तुझा नवरा पायाळू होता. दोन दिवस अडले होते मी त्याच्या वेळी."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

"तू आधीच घाबरलेली. त्यात मी कशाला भर घालू?"

"आई, तुमचा स्वेटर उलटा आहे. शिवण बाहेर आलीय. याला 'इनसाइड आउट' म्हणतात."

"म्हणू देत. सकाळी हाताला लागला तसा अंगात घातला. तू आधी नवऱ्याला फोन लाव."

"काय सांगू?"

"डोकं खाली आलं म्हण. उलटं म्हणू नकोस, घाबरेल तो."