डेल्मरचा नेम

नाही नाही, उचला की, चावत नाही ती – घरी केलेली एअरगन आहे, आमच्या डेल्मरनं, माझ्या नवऱ्यानं – आणि फुकट न्या म्हणतेय मी, फक्त गॅरेजमधून हलवा एकदाची! हिवाळ्यात गेला तो, आता मला मुलीकडे कोलंबसला राहायला जायचंय, म्हणून तर सगळं सामान विकायला काढलंय, आणि ही समोर दिसली की डोकं फिरतं माझं. का म्हणजे? अहो, जन्मभर कारखान्यात पाइप जोडले, निवृत्त झाला तसा म्हणाला, तुझ्या घेवड्यावर तो बिळातला गलेलठ्ठ ग्राउंडहॉग ताव मारतो ना, त्याचा निकालच लावतो. मग दुकानातली बंदूक आणावी की नाही? छे! स्वतः करणार! कुठून तरी पाणबुडे पाठीवर बांधतात तसली हवेची जुनी टाकी आणली – तिच्यात हवा भरायला लागला की स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजायच्या – आणि जोर म्हणाल तर जाड फळी आरपार! पण उपयोग काय? डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथं तोही नाही! रोज संध्याकाळी पायरीवर बसायचा, मी शेजारी शेंगा मोडत – फट्ट! – आणि ते लठ्ठ जनावर आपलं खातंय आरामात! वारा होता, म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं! बरं, माणूस चुकतो तर कधी इकडे, कधी तिकडे – हा दर वेळी कुंपणाच्या त्याच खांबाला! चर्चच्या जेवणाला मी सगळ्यांना सांगायचे, ग्राउंडहॉगला म्हातारपण बघायचं असेल तर डेल्मरला नेम धरायला सांगा. काय हसायचे लोक! तोही हसायचा, खाली मान घालून बटाट्याचं सॅलड खात.

गोळी सरळ लागते का म्हणता? जा, तो खांबच बघून या... बघितलात? अहो, बोट काय घालताय त्यात? हो, एकच भोक आहे, ठाऊक आहे मला, सगळ्या गोळ्या तिथंच तर –

एकाच भोकात?

इतके उन्हाळे... रोज... आणि सगळ्या एकाच...

लबाड! मारायचंच नव्हतं त्याला! मग एकदा सांगायचं की नाही – मी ऐकलं असतं – नसतं ऐकलं, घेवड्यापायी रोज जीव खायचे मी त्याचा. आणि गावभर हसं केलं ते वेगळंच.

ठेवा ती. मघाशी देत होते, आता नाही देत. ठेवा म्हणते ना! तो दिवा न्या हवा तर, आणि निघा – तिकडून नको, कुंपणाकडून नको. यंदाही सवयीनं घेवडा लावलाय मी, आणि तो ग्राउंडहॉग आलाय. तो नाहीतर त्याचा मुलगा. हळू जा, खाऊ द्या त्याला.