तिसावी बाई

नाही हो मावशी, मी नर्स नाही. गळ्यातलं कार्ड बघून सगळे तसंच समजतात — नंबर कधी लागेल ते हिलाच विचारा. मी मागच्या इमारतीत असते, प्रयोगशाळेत. कॅन्सरवरच काम. औषध नाही देत, तो कशानं होतो ते बघते. आज सासूबाईंना घेऊन आले. तिकडं वजन करायला गेल्यात त्या.

तुमच्या यजमानांचा खर्रा किती वर्षांचा? बापरे. म्हणजे बघा, तोंडात रोज तीच तंबाखू-सुपारी ठेवली की तिथली सूज उतरतच नाही. शरीर बिचारं दुरुस्ती करत राहतं, अन् दुरुस्ती करता करताच एखाद दिवशी बिघडतं. मी सहा वर्षं ह्याचाच अभ्यास केला. पुलगावला बी.एस्सी. करताना सूज म्हणजे पाय मुरगळला की येते तेवढीच माहीत. मग नागपूरला एम.एस्सी., मग इथं पीएच.डी. — बाबा म्हणाले, एवढी वर्षं लोकांची तोंडंच पाहणार आहेस तर एखादं लग्नासाठीही पाहून ठेव. पाहिलं. पवनारचं. आठ महिने झाले.

मला तीस बाया हव्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, निरोगी, तंबाखूला हात न लावणाऱ्या — आजारी तोंडं त्यांच्याशी ताडून बघायला. आजारी भरपूर मिळतात, मावशी, निरोगीच मिळत नाहीत. एकोणतीस झाल्या. तिसावी मिळेना, सरांची घाई. मग घरातच होती की, सासूबाई! लग्नाला पंधरा दिवस झालेले. गालाच्या आतून नुसता ब्रश फिरवायचा, दुखत नाही. आई हसल्या, "माह्या तोंडात काय सापडते तुले?" फॉर्म भरताना विचारलं, आई, तंबाखू? समोर सासरे चहा पीत बसलेले, हेही होते. "नाई बाप्पा," आई म्हणाल्या, "आपल्या घरात बायका नाई लावत." मी लिहिलं — नाही.

म्हणजे… न्हाणीघराच्या झरोक्यात डबी होती. तंबाखूचं काळं मंजन. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दिसली होती मला. पण नवी सून सासऱ्यांसमोर काय म्हणणार — आई, मग ती डबी कोणाची? नंतर एकटीला गाठून विचारता आलं असतं. आलं असतं. पण तीस भरल्या होत्या न.

निकाल आले. तिसावी सगळ्यांत वर — सुजेचे आकडे असे, की उचलून आजारी बायांत ठेवावी. सर म्हणाले, हे काय? मी म्हटलं, पवनारहून बसनं आणताना बर्फ वितळून नमुना खराब झाला असेल. बर्फ वितळला नव्हता, मावशी. डबा उघडला तेव्हा बोटं गारठली होती माझी. सरांनी तिसावी काढून टाकली, एकोणतीसवर भागवलं. पेपर छापून आला. पुण्याहून नोकरीचं पत्र आलं, एक तारखेला हजर व्हायचं. आईंनीच गल्लीत पेढे वाटले. स्वतः नाही खाल्ला. म्हणे, तोंड चुरचुरते. अन् मी काय म्हटलं? उष्णता असेल आई, ताक घ्या. मी! ताक!

सात महिने गेले. तेव्हा कदाचित नुसती सूजच असेल. कदाचित. मागच्या आठवड्यात आईंच्या गालातला तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे — ओळखीनं सकाळीच मिळाला. आईंना वाटते, आज मलम देतील. ह्यांनाही नाही सांगितलं. ते पहिलं हेच विचारतील न, तुला कधी कळलं?

असं काऊन बघता? तुम्ही असता तर केलं असतं का सासऱ्यांसमोर तोंड वर?

आता आत डॉक्टर विचारतील, तंबाखू लावता का. आई माझ्याकडं बघतील. मी हो म्हटलं तर किती वर्षं, कधीपासून, तुम्ही तर ह्याच विषयातल्या — एकातून एक निघत बर्फापर्यंत जाईल. नाही म्हटलं तर…

हळू. आल्या. सरका थोडं, बसू द्या त्यांना.

नाही हो आई, मी कुठं बोलत होते? ह्या मावशीच केव्हाच्या बोलून राहिल्या. द्या ती पिशवी इकडं.