आंगनातली टायमिंग चेन

बसा ताई, तुमी इचारलं तं सांगते, माहा जनम राळेगावकडचा. बाप कापूस पेरे, घरी एक बैलबंडी होती आन् तिच्यावर माह्या चार भावायचा कब्जा, म्हनून लग्न होईपर्यंत मी कोन्या चाकाले हात लावला नाई. एकोनिसावं लागलं तसा बाप म्हने, पांढरकवड्याचा पोरगा पाह्यला तुह्यासाठी, मशीनचं काम करते. मले वाटलं शिलाई मशीन. म्हनलं चला, जन्मभर ब्लाऊज तरी मनासारखे भेटतीन. एवढी अक्कल घेऊन सासरी आली मी, काय सांगू तुमाले. इथं येऊन पाह्यते तं नवरा आंगनात एका गाडीखाली झोपलेला, नुसते पाय बाहेर, आन् मी नवी नवरी त्या पायायलेच नमस्कार करून घरात गेली. गाडीखालून आवाज आला, दहा नंबरचा पाना दे. मी म्हनलं हे मले मंगळसूत्र घालनारं मानूस दिसते आपलं, पाना काय असते ते मात्र कोनी सांगितलं नव्हतं.

तवा हायवेच्या कडेले उस्तादचं टिनाचं गॅरेज होतं, हे तिथं कामाले. उस्ताद म्हनजे मुसलमान बुढा, दाढी पांढरी, तोंडात पान, बोलनं अर्धं हिंदी अर्धं आपलं. गॅरेजात ट्रकायची गर्दी, म्हनून लहान गाड्या हे घरी आनून आंगनात खोलत. एकदा एका नवरदेवाची गाडी आलती, दोन दिवसावर वरात, आन् इंजिनची टायमिंग चेन ढिली झालेली. ही चेन सायकलीच्या चेनीसारखीच असते, ताई, फक्त इंजिनच्या पोटात राह्यते, खालचं दातेरी चाक आन् वरचं दातेरी चाक एका तालात फिरवते, एक दात जरी इकडचा तिकडे झाला तं इंजिनचा श्वास चुकते. आता जुन्या चाकायवरच्या कंपनीच्या निशान्या घासून गेलेल्या असत, म्हनून उस्तादची एक पद्धत होती, खोलायच्या आधी पानाच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचा आन् दोन्ही चाकायच्या बरोबरीच्या दातावर एकएक ठिपका लावायचा. ठिपक्यासमोर ठिपका आला का काम झालं.

हे चाकं काढून पोत्यावर ठेवून चहाले गेले. आन् मी काय केलं? मले वाटलं सासरचे म्हनतीन, पोरीले कामाची हौस हाये. रॉकेल घेतलं, चुलीची राख घेतली, आन् दोन्ही चाकं पान्याच्या पितळी गुंडासारखी घासली, अशी घासली का त्यात तोंड दिसे. मग धुतली, पुसली, पदरानं वारा घातला आन् फळीवर भांडे मांडते तशी मोठं मांगं, लहान समोर मांडून ठेवली. लई कौतुक वाटत होतं मले माहं.

संध्याकाळी यायनं अंदाजानं चाकं बसवली, समोरून हँडल मारलं, तं हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. आठ दिवस त्या हातानं घास उचलता आला नाई यायले. उस्ताद आला, त्यानं चाकं बाहेर काढून पाह्यली, मंग माह्याकडे पाह्यलं, आन् म्हने, बेटी, बर्तन ही मांजने थे तो हमारे घर के भी ले आती. नवरदेव दुसऱ्याच्या जीपमधून गेला. दुसऱ्या दिवशी उस्तादनं मले आंगनात बसवलं आन् म्हने, आता हे दोन चाकं तुले डोळे मिटून बसवता येईपर्यंत चूल पेटवायची नाई. मले त्याचा राग नाई आला, मले हा राग आला का चूल पेटवली नाई तं जेवनार काय. पन शिकली. त्या दिवसापासून घरचं काम आलं का हे गाडीखाली आन् मी गाडीबाहेर, अशी जोडी.

आता कायचं काय झालं. उस्ताद गेला, रस्ता रुंद झाला त्यात गॅरेजबी गेलं. आमचा बुढा चौऱ्याहत्तरचा झाला, यायचे हात थरथरतात, दोन वर्षं झाली, कपातला चहा अर्धा बशीत आन् अर्धा धोतरावर. महिन्यातून दोनदा यवतमाळच्या दवाखान्यात न्या लागते. एसटीची पायरी यायले चढत नाई, म्हनून मीच आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीत नेते. हो, मी चालवते, पन्नाशीत शिकली, पोलीस बी मले अडवत नाई, त्याले वाटते ही बाई कोनाच्या तरी मयतीले चालली.

दसऱ्यापासून गाडी सकाळी चालू केली का डब्यात गोटे हालवल्यासारखी खडखड करे. यायनं घरातूनच ऐकलं आन् म्हने, चेन गेली. इथला मेकॅनिक म्हने हे इंजिनचं काम हाये, नागपूरले पाठवा. नागपूरले आमचा सुनील राह्यते, एकुलता एक, तो फोनवर म्हने, आई, ते भंगारात दे आन् दोघं इकडे या, लिफ्ट हाये, दवाखाना खालीच हाये, कायले जीव काढून राह्यली तिथं. खोटं नव्हता बोलत. पन मले माहीत होतं, गाडी गेली का हे घर गेलं. गाडीबिगर दवाखाना नाई आन् दवाखान्याबिगर हे नाईत.

तवा हे म्हने, चेन मागव, आंगनात बदलवतो. मले इतकं बरं वाटलं, ताई. मी म्हनलं बुढा माह्या बाजूनं हाये.

ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं, चेन, तिच्या बाजूच्या दोन पट्ट्या, आन् टेन्शनर. चार दिवस लागले. सकाळी दोन तास करायचं, मंग हे पलंगावर आन् मी ओट्यावर, दोघं बी मेल्यावानी. खालून जॅक लावला, मधात लाकडाचा ठोकळा, कारन एका बाजूनं इंजिन मोकळं करा लागते. समोरच्या पुलीचा नट काही हालेना, तं मी पान्याले पाइप लावला, लुगडं खोचलं आन् त्याच्यावर उभी राह्यली. हे म्हने, अवो, पडशील. मी म्हनलं, अजी, एवढं वजन कायले वाढवलं मी, आजच्यासाठीच ना. नट सुटला आन् मी बी सुटली, आंगनात फतकल मारून बसली. उठायले अर्धा तास.

तिसऱ्या दिवशी टेन्शनर आला. तो स्प्रिंगचा दट्ट्या असते, चेनीले तानून धरते. तो दाबून त्यात बारीक पिन टाकायची, चेन चढली का पिन काढायची. हे म्हने, हे मी करतो, याले हात लागते. बसले खुर्चीवर, दट्ट्या दाबला, पिन भोकाशी नेली, हात थरथरला, दट्ट्या टनकन बाहेर. पुन्हा दाबला, पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेले पिन मातीत पडली. यायनं दट्ट्या मांडीवर ठेवला आन् आपल्याच हाताकडे पाहत राह्यले, जसा कोन्या दुसऱ्याचा हात मांडीवर आनून ठेवला. मी मातीतून पिन शोधली, पुसली, आन् उभीच राह्यली. मंग हे म्हने, तू कर, मी सांगतो.

मी केलं. चेन चढवली, पिन काढली, पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. खालची निशानी जागेवर आन् वरची एक दात मांगं. मी पाना पुसत बसली. हे खुर्चीवरून म्हने, एक दात चुकला ना. मी म्हनलं, तुमाले कसं समजलं, तिथून तं तुमाले दिसत नाई. हे म्हने, बरोबर आलं असतं तं तू आतापर्यंत साऱ्या मोहल्ल्याले सांगितलं असतं. ज्या बाजूनं चेन तानलेली पाह्यजे त्या बाजूनं मी ढील ठेवलती. सारं उतरवून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा जुळलं.

झाकन लावलं, त्याचा गोंद रातभर वाळू देला, ऑइल टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी मी चाबी फिरवली. पह्यले दोन सेकंद कुरकुर, मंग ऑइल पोचलं आन् असं एकसारखं चालाले लागलं का झाडावरचे पाखरं बी उडाले नाई. यायनं बोनेटवर हात ठेवला. बोनेट थरथरे, हात थरथरे, कोनती थरथर कोनाची, समजे ना. लई वेळ ठेवला तो हात.

मंग म्हने, सुनीलले फोन लाव. मी लावला, तोऱ्यातच लावला, म्हनलं आता आयकवते पोराले, पाह्य आमी अजून मेलो नाई. आन् हे फोनवर म्हनतात, रविवारी येतो आमी. राह्यालेच येतो. घ्यायले येऊ नको, आमची गाडी हाये.

मी भांडली. म्हनलं, मंग चार दिवस माहे हाडं कायले मोडले. हे म्हने, पिन धरता आली नाई मले, तू पाह्यलं ना. उद्या न्हानीत पडलो तं तू उचलशील? मी म्हनलं, हे पिन पडल्यावर ठरवलं का. हे म्हने, नाई, चेन मागव म्हनलं तवाच. खडखडनारी गाडी घेऊन कोनता बी मेकॅनिक आपल्या पोराच्या दारी जात नाई.

पाहा ताई, एकाच इंजिनवर चार दिवस दोघं राबलो, मी राह्यासाठी आन् हे जायासाठी, आन् मले वाटे बुढा माह्या बाजूनं हाये. एकोनिसाव्या वर्षी बी मी अशीच होती, कोन काय करून राह्यलं ते मले शेवटी समजे.

रडली थोडी. मंग पाह्यलं तं हे पलंगावर झोपून गेलते, तोंड उघडं, बोटाले ऑइल, कितीतरी महिन्यात दुपारचे असे झोपले नव्हते. त्यायले उठवून भांडायचा कटाळा आला मले. खरं सांगते, मी बी थकली. मलेच ते म्हनायची लाज वाटत होती, यायनं म्हनून टाकलं.

परवा ऊन व्हायच्या आत निघू. मी चालवीन, हे बाजूले बसतीन आन् नागपूरपर्यंत माह्याशी न बोलता इंजिनच आयकतीन. तुमी आल्या ते बरं केलं, मले लेक असती तं तुमच्याच वयाची असती, सुखाच्या राहा. चहा घेतल्याबिगर उठू नका. दूध संपवा लागते, रविवारपासून दूधवाल्याले नाई म्हनून सांगितलं.