कणगीतलं सामान

कौस्तुभ : आजी, आमच्या खोलीत कोण शिरलं होतं? लानचं कपाट रिकामं आहे. ड्रेस, चपला, आमचा लग्नाचा अल्बम, काहीच नाही!

गोजराबाई : वरडू नगंस. समदं हाय. माज्या कणगीत भाताखाली घातलंय. आदी पानी पी.

कौस्तुभ : भाताखाली? का पण?

गोजराबाई : आरं, तुमी दोगं पुन्याला गेला आन् तासाभरात माज्या राजूचा फोन, कोळवनच्या स्टँडवरनं. म्हनला, आये, साध्या कपड्यातलं दोन पोलीस आपल्या घराचा रस्ता इचारत्यात, परदेशी बाईची चौकशी हाय. मागल्या म्हैन्यात त्या वरल्या फार्महाऊसवरनं पोलिसांनी परदेशी पोरी गाडीत घालून न्हेल्या, मालकाला बी न्हेलं. म्हनलं, आपल्या लानीला न्हेऊ द्यायची न्हाई. कापडं, टिकल्या, दात घासायचा बुरूस सुदिक उचलला. बाईमानसाची एक चिंधी ठिवली न्हाई बग!

कौस्तुभ : आणि त्यांना खोली दाखवलीत?

गोजराबाई : दावली की. चांगली ताठ मानेनं दावली. एकानं मोबाईलवर फोटू काढलं. मोरीत बी डोकावून आला मेला.

कौस्तुभ : लानबद्दल काय सांगितलंत?

गोजराबाई : काय सांगनार? म्हनलं, पोरगा एकलाच ऱ्हातो. बाई-बिई कुनी न्हाई हितं.

कौस्तुभ : अरे देवा.

गोजराबाई : आसा काय बगतुयास? वाचली की पोर!

कौस्तुभ : आजी, ते तिला पकडायला आले नव्हते हो. ती माझ्याबरोबर इथं राहते का, एवढंच बघायला आले होते. तिचा व्हिसा शुक्रवारी संपतोय. आमचं लग्न खरं आहे, आम्ही एका घरात राहतो, हे पटलं तरच वाढवून देणार. नाहीतर तिची रवानगी व्हिएतनामला. परवाच सांगितलं होतं ना तुम्हाला, घर बघायला माणसं येतील म्हणून?

गोजराबाई : घर बगायला म्हनलास! मला वाटलं, जागा घेनारं येत्याल. रोज दोन येत्यात गाड्या घिऊन. पोलीस येनार आसं कुटं म्हनलास तू?

कौस्तुभ : नाही म्हणालो. तुम्ही घाबराल म्हणून नाही म्हणालो. चुकलंच माझं. आणि तो भाडेकरूंचा फॉर्म तरी पोलिसात दिला असता आपण, तर तिची नोंद असती.

गोजराबाई : त्याच्यावर अंगठा न्हाई दिला म्हनून राग हाय व्हय? आमच्या ह्यांनी असाच येका कागदावर अंगठा दिला आन् खालचं भाताचं खाचार गेलं.

कौस्तुभ : राग नाही. मीही परत विचारलं नाही. पण आज त्यांच्या कागदावर नाही ना दिलात?

गोजराबाई : तू आदी पानी पी की.

कौस्तुभ : आजी?

गोजराबाई : दिला. वाचून दावलं त्यांनी. मी बोलले तेच लिवलं व्हतं. म्हनलं, येवडा अंगठा दिला की जात्याल माघारी.

कौस्तुभ : चला, गाडीत बसा. लान पुण्यात पोलिसांच्या ऑफिसात एकटी बसलीय. मला अल्बम आणायला धाडलंय साहेबांनी. तुम्ही फक्त खरं काय ते सांगा.

गोजराबाई : म्हंजी पोलिसाला म्हनू, मी लबाड बोलले? आत टाकत्याल मला! त्यो दाढीवाला जाताना म्हनला, आजी, खोटं निगालं तर केस व्हईल, परदेशी मानूस लपवून ठिवला म्हनून.

कौस्तुभ : मी वकील देतो. मी आहे ना.

गोजराबाई : तू भाडेकरू, बाबा. उद्या उटून जाशील. मला हितंच ऱ्हायचंय.

कौस्तुभ : तिला डेंग्यू झाला तेव्हा तीन रात्री तुम्ही तिच्या उशाशी होतात.

गोजराबाई : व्हते. पोटच्या लेकीवानी हाय ती मला.

कौस्तुभ : थांबा, तिचाच फोन. स्पीकरवर टाकतो. लान, बोल.

लान : कौस्तुभ, साहेब म्हनतो मी खोटी हाय. त्याच्याकडं फोटो हायेत. म्हनतो, घरात तुजं कायच न्हाई. आजीचा अंगठा पन दावला मला. आजी हाय का तितं?

कौस्तुभ : समोरच आहेत. ऐकतायत.

लान : आजी, मी लान. साहेब हितं बसलाय, ऐकतोय. माजा पासपोर्ट त्याच्या हातात हाय. मला खूप भ्या वाटतंय. तू मला भात लावाया शिकवलंस ना, बोलाया पन तूच शिकवलंस. सांग आजी, मी कुटं ऱ्हाते?

कौस्तुभ : बोला आजी. पाया पडतो. एवढंच सांगा, ती इथं राहते.

(गोजराबाई दोन्ही हात पदराखाली घेते.)

लान : आजी?

गोजराबाई : कोन बोलतंय, बाई?