केरूभाऊंच्या तब्येतीविषयी दोन शब्द

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक आदरणीय मोठे शेठ, व्यासपीठावर बसलेले कंपनीचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपले सर्वांत जुने ड्रायव्हर श्री. केरू आबाजी गांगुर्डे, त्यांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या मालनवहिनी, समोरचे माझे ड्रायव्हर बंधू, गोदामातले सहकारी, आणि मागे पंख्याखाली जागा धरून बसलेली आपल्या सर्वांच्या घरची मंडळी,

मी जयराम पगारे. गोदाम सांभाळतो. नव्या लोकांना माहीत नसेल, पण एकोणीसशे एकोणऐंशीपर्यंत मीही याच कंपनीची गाडी चालवत होतो. विंचूरचा कांदा भरायचा आणि आग्रा रोडने कलकत्त्याची वाट धरायची. केरूभाऊंची गाडी पुढे आणि माझी मागे, अशी आम्ही पंधरा वर्षं काढली.

मला बोलायला विषय दिला आहे तो केरूभाऊंच्या तब्येतीचा. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांचं खाणं, त्यांचा व्यायाम, अठ्ठावन्नाव्या वर्षीही ताठ असलेली पाठ, सगळं सांगितलं. शेठही मघाशी म्हणाले की नव्या ड्रायव्हरांनी केरूचा कित्ता गिरवावा. आज सकाळी केरूभाऊंनी मला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं आणि बजावलं, तीन वाक्यं बोल आन् बस. मी मान हलवली. पण त्यांच्या तब्येतीबद्दल मला जे माहीत आहे ते या मांडवात दुसऱ्या कोणालाही माहीत नाही. उद्या सकाळच्या गाडीने ते घोटीपलीकडे आपल्या गावी जाणार आहेत. तिथे ना दवाखाना, ना पक्का रस्ता. ते गेल्यावर बोलून त्यांचा काही फायदा नाही. म्हणून शेठ, तीन वाक्यांहून थोडा जास्त वेळ घेतो. केरूभाऊ माझ्याकडे बघताहेत. मी त्यांच्याकडे बघणार नाही.

लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचं खाणं म्हणजे काय, हे बाकीच्यांना कळायचं नाही. बारा-चौदा तास माणूस एका जागी अडकलेला असतो. उजवीकडे दार, डावीकडे तापलेलं इंजिन. पाय हलतात ते क्लच, ब्रेक आणि रेसपुरते. भूक लागते तेव्हा ढाबा नसतो, आणि ढाबा येतो तेव्हा भूक मेलेली असते. मग दोन बोटं तेल तरंगणारी डाळ, तोंड पोळेल असा चहा, वर विडी. मी असाच खात होतो. माझं पोट स्टिअरिंगला टेकायचं. केरूभाऊ वेगळे. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत रॉकेलचा स्टोव्ह होता. रस्त्याच्या कडेला मूग शिजवायचे, भाकरी घरची, सोबत मालनवहिनींनी दिलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू. पहाटे गाडीभोवती दहा फेऱ्या आणि बोनेटसमोर तीस बैठका. पंजाबी ड्रायव्हर त्यांना पैलवान म्हणायचे. आम्ही टिंगल करायचो आणि मनातून जळायचो. आता मला सांगा, अशा माणसाला आजार होईल असं कोणाच्या स्वप्नात तरी येईल का?

एकोणऐंशी साली दुसऱ्या एका कंपनीचा ड्रायव्हर चालत्या गाडीत चक्कर येऊन पडला. त्यानंतर आपल्याकडे हुकूम निघाला, सर्व ड्रायव्हरांची तपासणी. प्रत्येकाने सकाळची लघवी बाटलीत घेऊन यायची. साखर निघाली तर गाडी बंद, आणि एकदा बंद झालेली गाडी परत मिळणार नाही. माझा नंबर पहिल्या तुकडीत. मला रात्रीतून चारदा लघवीला उठावं लागत होतं. मनात म्हटलं, जयराम, तुझं आटोपलं.

तेव्हा मी काय केलं, ते सात वर्षांनी आज सांगतो. सकाळी सहाला केरूभाऊ कलकत्त्याला निघत होते. मी खोकल्याच्या औषधाची धुतलेली रिकामी बाटली घेऊन त्यांच्या गाडीपाशी गेलो. ते आधी पोट धरून हसले. मग गाडीच्या आडोशाला गेले आणि बाटली भरून माझ्या हातात दिली. म्हणाले, "घे, पैलवानाची हाय. डागदर खूश होईल."

डॉक्टरसाहेब, तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. मला आठवतो. तुम्ही परीक्षानळीत निळं औषध घेतलं, बाटलीतले थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळं राहिलं तर ड्रायव्हर. ते हिरवं झालं. मग पिवळं. मग पक्क्या विटेसारखं झालं. तुम्ही म्हणालात, भरपूर साखर आहे, जयराम. ही माझी नाही, असं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न काय आला असता? खोटी बाटली देणारा आणि घेणारा, दोघंही घरी. त्याच दिवशी मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

शेठनी माझ्यावर उपकार केले. गोदामात एक जागा होती, ती मला दिली. एकच होती.

वीस दिवसांनी केरूभाऊ परतले. मी फाटकातच उभा होतो. त्यांना आधी पटेचना. दुसऱ्या दिवशी आम्ही बस धरून देवळाली कॅम्पात गेलो, आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा एका दवाखान्यात. तिथे दोघांनीही तपासून घेतलं. त्यांची वीट. माझी निळी. पोट सुटलेला मी निरोगी, आणि मूग खाऊन बैठका मारणाऱ्याला साखर. माझी चार वेळची ऊठ निव्वळ भीतीची आणि चहाची होती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाजारात एका बाकड्यावर आम्ही बसलो. केरूभाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "गोदामात जागा किती?"

"एकच होती."

"ती तुला गेली." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, हिशोब लावावा तसं म्हटलं होतं. "माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायची हायेत, जयराम. पुढच्या सोमवारी माझा नंबर. आता तुझी बाटली दे."

मी दिली. दरवर्षी दिली.

मंडळी, आता आमची गाठ कशी बसली बघा. कागदावर साखर माझी, अंगात त्यांची. गाडी चालवायला मी धडधाकट, आणि बसलो गोण्यांच्या थप्प्यांत. फाटकातून गाडी निघाली की नुसत्या आवाजावरून मी सांगायचो कोणाची आहे, आणि डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. सात वर्षं मी तिथून गाड्या जाताना ऐकल्या. तक्रार करू तरी कोणाकडे? बाटली मीच मागून आणली होती.

दर तीन महिन्यांनी डॉक्टरसाहेबांकडे जायचं, ते केरूभाऊंची बाटली घेऊन. मिळतील त्या गोळ्या त्यांना द्यायच्या. डॉक्टरसाहेब मला झापायचे, तुम्ही पथ्य पाळत नाही, तोंडावर ताबा नाही तुमचा. मी ते झापणं शब्दशः यार्डात नेऊन केरूभाऊंना द्यायचो. ते म्हणायचे, डागदरला सांग, तू एकदा कानपूरपर्यंत गाडी ने आन् मंग पथ्य शिकव. डॉक्टरसाहेब, तुम्ही सात वर्षं एका माणसावर उपचार केलेत आणि त्याला एकदाही हात लावून बघितलं नाहीत. यात दोष तुमचा नाही.

मालनवहिनींना घरी काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून लाडवांचा डबा प्रत्येक खेपेला गोदामात उतरायचा. वहिनी, ते सगळे लाडू मी खाल्ले. फार चांगले होते. आणि यशोदाबाई, म्हणजे आमच्या मंडळी, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांनाही हे आत्ताच कळतंय. यांनी सात वर्षं घरात शिरा केला नाही. मला बिनसाखरेचा चहा आणि आठवड्यातून तीनदा कारलं, आणि माझ्या सोबत त्यांनीही तेच खाल्लं. त्यांच्याशी मला घरी गेल्यावर बोलावं लागेल.

हसून घ्या. पण त्र्याऐंशी सालची गोष्ट ऐका. केरूभाऊ मुंबईहून येत होते. सकाळी गोळी घेतली, घोटी गाठून जेवण करू म्हणाले. कसारा घाटात ट्रेलर आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. सहा तास. डब्यात काही नाही, स्टोव्हमधलं रॉकेल संपलेलं, आणि ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते. आधी घाम सुटला, मग हात कापायला लागले, मग समोरचा रस्ता एकाचे दोन दिसायला लागले. मागच्या गाडीवाल्याला त्यांनी कशीबशी हाक मारली. त्या भल्या माणसाने आपल्या चहाच्या सामानातली मूठभर साखर त्यांच्या तोंडात कोंबली. साखरेच्या माणसाला साखरेनेच उठवलं. गाडी तेव्हा थांबलेली होती. वळणावर चालू असती तर आज मी इथे कसलं भाषण करत असतो? समोरून एखादी एसटी येत असती तर? हे ओझं केरूभाऊंचं जितकं तितकंच माझं आहे, आणि ते मी कोणाच्या माथी मारत नाही.

त्यानंतर मी डॉक्टरसाहेबांना विचारलं होतं, गोळी घेतली आणि जेवायला उशीर झाला तर काय करायचं? ते म्हणाले, गोदामात जेवायला उशीर कसा होतो? मी गप्प बसलो. मी किती वेळा गप्प बसलो, ते मलाच माहीत.

आज मात्र बसत नाही. कारण असं आहे. दोन महिन्यांपूर्वी इंजिनच्या धगीने केरूभाऊंच्या डाव्या पावलाला फोड आला. त्यांना कळलंच नाही. भाजल्याचा वास आला तेव्हा खाली बघितलं. साखरेने पायातली जाणीव जाते, हे डॉक्टरसाहेबांनीच मला एकदा बजावलं होतं. तो फोड फुटला, चिघळला, आता बोटांकडे काळा पडत चालला आहे. मी रोज पट्टी बदलतो, गोदामाचं दार लावून. दवाखान्यात चला म्हटलं तर उत्तर ठरलेलं. आधी म्हणाले, एवढी खेप होऊ दे. मग म्हणाले, निरोपाचा कार्यक्रम होऊ दे, लोकांनी चांगलं बोललेलं ऐकू दे, मंग गावाकडं गेल्यावर आपोआप भरंल. केरूभाऊ, लोकांनी चांगलं बोलून झालं आहे. तुम्ही ते ऐकलंत. गावाकडे गेल्यावर ते भरणार नाही.

शेठ, माझी नोकरी अजून दोन वर्षं आहे. आज मी जे सांगितलं त्याबद्दल काय करायचं ते तुम्ही उद्या ठरवा, मी आठ वाजता गोदामात असेन. केरूभाऊंनी तीस वर्षांत तुमची एकही गाडी कुठे आदळली नाही, एवढं मात्र लक्षात घ्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलताना शब्द वाकडा गेला असेल, एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्यावं. मालनवहिनी, तुमच्यापासून जे लपवलं त्याची माफी मी वेगळी मागेन. केरूभाऊ माझ्यावर संतापले आहेत, उठून जायला बघताहेत, आणि उठताना डावा पाय टेकत नाहीत, हे आता सर्वांना दिसतंय. माझ्यावर राग आयुष्यभर ठेवा, केरूभाऊ, पण खाली बसा.

शाल, श्रीफळ आणि हार टेबलावर तयार आहेत. ते सगळं व्हायच्या आधी डॉक्टरसाहेबांनी जागेवरून उठावं आणि केरूभाऊंच्या डाव्या पायातला बूट काढावा, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.