बोलण्याच्या भरात

दवाखान्यात ड्रेसिंगसाठी बसलो होतो. पुढच्या बाकावर एक बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी उजव्या हाताला पट्टी बांधलेला तरुण.

"हाताला काय झालं, दादा?"

"काच लागली, मावशी."

"काचेचं काम करता?"

"नाही हो. परवा बंद होता ना, सभा सुटल्यावर बाजारात जरा गडबड झाली, त्यात."

"अगंबाई! माझा भाऊही त्यातच सापडला. घड्याळाचं दुकान आहे त्याचं. डोळ्यात काच गेली."

"आता कसे आहेत?"

"डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात. तुम्ही होतात ना सभेला? साहेब नक्की काय बोलले हो?"

"ते... बंदच्या दिवशी दुकान उघडं ठेवणाऱ्याची एकही काच शाबूत राहता कामा नये, असं. पण ते आपलं बोलण्याच्या भरात."

"हो, काल टीव्हीवर म्हणाले, लोकांनी शब्दशः घेतलं."

"ऐकलं मी."

"तुम्ही कसं घेतलंत?"

"मी? का विचारता?"

"नाही, सहज विचारलं."

"मावशी, बोलताना ते सारखे माझ्याकडेच बघत होते. म्हणजे, मला तसं वाटलं."

"ओळखतात तुम्हाला?"

"नाही."

नर्स दारातून ओरडली, "घड्याळवाल्यांबरोबर कोण आहे? लवकर आत या!"

"मी, मी आहे! दादा, एवढी पिशवी धरा."

"मावशी, माझा हात..."

"मग डाव्या हातात धरा. त्याचा चष्मा आहे आत. काच आहे हो, जपून."