मोठ्या पाकिटांचं मशीन

आमचं मूळ देवगडकडचं, खाडीच्या काठचं गाव, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाय इतकं लहान. मी सुनंदा, घरातली चौथी. शाळा सातवीपर्यंत, पण कसलंही गिचमिड अक्षर द्या, मला लागायचं. लग्न होऊन मुंबईत वाकोल्याला आले. नवरा वेल्डर, आणि सासू दारोदार सुकी मासळी विकायची, बोंबील, सुकट, बांगडे. तिचे गुडघे गेले तशी पाटी माझ्या डोक्यावर आली. सात वर्षं, ताई, सात वर्षं मी वाकोला, कलिना, मरोळ पालथं घातलं, दरवाजा न् दरवाजा. कुठल्या चाळीत किती बिऱ्हाडं, श्रावणात कुणाच्या दारात जायचं नाय, कुणाचा कुत्रा चावरा, सगळं तोंडपाठ.

त्या पाठांतरावरच मला नोकरी मिळाली. अंधेरीला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक खाजगी कंपनी आहे, नाव नाय घेत, अजून तिथेच खाते. ती मोठाली पाकिटं घरोघर पोचवते. साधं पत्र नाय हां, मोठं, चपटं, जे वाकवायचं नाय ते. मासिकं, एक्स-रे, नकाशे, सर्टिफिकेटं. आम्ही सहा बायका लाकडी खणांसमोर उभ्या, पाकीट उचलायचं, पत्ता बघायचा, खणात टाकायचं. मग वाटपवाला ज्या वाटेने चालणार त्या वाटेने एकावर एक लावायचं, म्हणजे त्या बिचाऱ्याला उलटं फिरायला नको. माझ्या शेजारी कुसुम असायची, विक्रोळीची, दोन पोरांची आई, हात असा चालायचा की बघत राहावं.

आणि मग ते मशीन आलं, मेलं. खोली भरून पट्टा, खाली पत्र्याचे चाळीस खण, आणि टोकाला टाइपरायटरसारखी बटणं. बरोबर पुण्याचे इंजिनिअर, कुलकर्णी, सभ्य माणूस, खोटं कशाला बोलू. ते बोलले, बाई, पाकीट समोर आलं की फक्त आकडा दाबायचा, पुढचं सगळं मशीन करील. मी बोलले, आकडा कुठला? ते बोलले, आधी वस्तीचा, मग घराचा. आता काय सांगू तुम्हाला! आमच्या वाकोल्यात घराला आकडा असतो काय? असला तर चार नंबरच्या बाजूला अकरा असतो, कारण मधले भाऊ भांडले आणि त्यांनी भिंत घातली. लोक पत्ता लिहितात, पिठाच्या गिरणीमागे, शंकरच्या वरती. कुठला शंकर? तिथे तीन शंकर! कुलकर्णी बोलले, मग लोकांनी पत्ता सुधारला पाहिजे. मी बोलले, जा, सांगून या.

बरं, तेही जाऊ दे. बटणांवर मला बसवलं, बाकीच्या पाचजणी बिनआकड्याची पाकिटं हातानेच लावायच्या. पाकीट जाड असलं की अडकायचं, पातळ असलं की दुसऱ्याला चिकटून जायचं, दोरा बांधलेला असला की दोरा चाकात. एक्स-रे तर असे वाकून पडायचे की डॉक्टरने रोग्याचं हाड मोडलं समजावं. आणि वरून मॅनेजर साहेबांचा नियम, मशीनने लावलेला गठ्ठा कुणी सोडायचा नाय, वाटपवाल्याने यादीप्रमाणेच जायचं. यादी आकड्याने. म्हणजे एक नंबर नाल्याच्या अलीकडे, दोन नंबर नाल्याच्या पलीकडे, तीन नंबर परत अलीकडे. आमचा वाटपवाला पास्कल, वाकोल्याच्या गावठणातलाच, पन्नाशीचा माणूस, एका दुपारी तीनदा तो नाला ओलांडून आला आणि माझ्या टेबलावर गठ्ठा आपटून बोलला, सुनंदाबाय, ह्या मशीनला एकदा माझ्यासंगती चालायला पाठव गो.

तशात एक दिवस आग्नेसबाई आली. पास्कलच्या गल्लीतली, नवरा नाय, शिवणकाम करून पोरीला शिकवलेली. पोरीला, रीटाला, बाहेरगावी एका हॉस्पिटलात नर्सिंगला जागा मिळालेली, मूळ सर्टिफिकेटं तपासून तिकडून आमच्याच कंपनीतर्फे परत पाठवलेली, सोबत हजर होण्याचं पत्र. परवा सकाळी हजर नाय तर जागा दुसरीला. आज संध्याकाळची गाडी, पोरीची ट्रंक बांधून तयार, आणि पाकीट नाय. चार दिवस ती बाई रोज दारात उभी राहून वाट बघत होती. मॅनेजर साहेबांनी कॉम्प्युटरचा कागद काढला, बोट ठेवलं, बोलले, हे बघा, पाकीट मंगळवारीच वाकोल्याच्या खणात पडलंय. म्हणजे हरवलं असेल तर वाटपवाल्याने. पास्कल समोरच उभा होता. एकोणीस वर्षं पाकिटं वाटलेला माणूस, एकदा कुणाचं मासिक भिजलं नाय त्याच्या हातून. साहेब त्याला बोलले, आज शोधून आणा, नायतर उद्यापासून येऊ नका. पास्कल नुसता पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. त्याच्या गल्लीतली बाई समोर, आणि हा चोर ठरलेला.

माझं डोकंच फिरलं, ताई. मी परत बटणांवर जाऊन बसले, पण लक्ष सगळं आवाजावर. त्या मशीनचा आवाज मला नवऱ्याच्या घोरण्यासारखा पाठ झालेला. पट्टा सतराव्या खणापाशी आला की खर्र करायचा. सतरावा म्हणजे वाकोला. मी आठ दिवस कुलकर्णींना सांगत होते, तिथे काहीतरी खातंय, आणि ते बोलायचे, तेल घालतो.

नेमकं त्याच दुपारी साहेबांनी मोठ्या कंपनीची माणसं मशीन बघायला बोलावलेली. टायवाले पाच जण, हातात थंड्याची बाटली, आणि साहेब सांगतायत, माणसाच्या हातून चूक होते, याच्याकडून होत नाही. पट्टा पळतोय, पाकिटं पडतायत टप टप, आणि सतराव्यापाशी खर्र. मी उठले आणि लाल बटण दाबलं. ते बटण फक्त आग लागली तर दाबायचं. सगळं एकदम थांबलं. अशी शांतता झाली की एका पाहुण्याने बाटली खाली ठेवली तीसुद्धा ऐकू आली. साहेब बोलले, बाई, काय झालं? मी बोलले, मागचा पत्रा काढा. ते बोलले, आत्ता नाही. मी बोलले, आत्ताच, संध्याकाळी गाडी सुटते.

साहेब लालेलाल. पण कुलकर्णी, देव त्यांचं भलं करो, खिशातून पाना काढून गुडघ्यावर बसले. पत्रा निघाला आणि मागच्या फटीतून पाकिटं घसरून आली, एक, दोन, पाच, वीसेक तरी. कुणाचा एक्स-रे, कुणाची पत्रिका, आणि त्यात पापडासारखं वाकलेलं, रीटाच्या नावाचं. खणात पडायच्या ऐवजी खणाच्या मागे पडत होती, आणि यादी आपली पडलं, पडलं लिहीत होती. पास्कलने ते दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं, आणि दारात थांबलेल्या आग्नेसबाईला घेऊन रिक्षाने गेला. गाडी मिळाली पोरीला. हजर झाली. सर्टिफिकेटांना मधोमध घडी पडलेली ती पडलेलीच.

आणि साहेब? पास्कलला माफीचा एक शब्द नाय. मला मेमो. पाहुण्यांसमोर कंपनीची अब्रू घालवली म्हणून.

कुलकर्णी मात्र दुसऱ्या दिवशी बोलले, बाई, मला तुमचा वाकोला दाखवा. तीन आठवडे मी त्यांना फिरवलं. घरा-घराला मी क्रम दिला, त्यांनी वहीत लिहिला, वहीतून तो कॉम्प्युटरमध्ये गेला. मला वाटलं, चला, पास्कलचे पाय वाचतील. वाचले, ते खरं. पण क्रम मशीनला आला तशा सहातल्या चार बायका कमी केल्या. त्यात कुसुम. जाताना तिने डबा पिशवीत टाकला आणि बोलली, सुनंदा, तूच भरवलंस गं त्याला. खोटं थोडंच होतं. एकदा विक्रोळीला तिच्या घरी गेले होते. दार उघडलं, पाणी दिलं, बस म्हणाली नाय.

आता त्याला तीन वर्षं झाली. मी अजून त्याच बटणांवर आहे, जाड पाकिटं तेवढी हाताने लावते. वाकोल्यात रोज नवी चाळ उठते, पत्त्यात नुसतं नवीन चाळ लिहितात, मशीन गप्प बसतं, मग साहेब मला हाक मारतात, बाई, ही कुठली हो? सांगते. न सांगून करते काय, आत कुणाचं काय असेल कुणास ठाऊक. ज्यांचं ज्यांचं पाकीट माझ्या हातून जातं त्यांना मी मनात बोलते, बाबांनो, नोकरी लागो, लग्न ठरो, एक्स-रेत काही वाईट न निघो. सुखात राहा. पण देवाची शपथ आहे, पत्ता नीट लिहा.